चौकटीत एकच चेहरा

विमलबाई माझ्या सेंटरवर आल्या की बाकाच्या अगदी टोकाला बसायच्या आणि शेजारची एक जागा मोकळी ठेवायच्या. कितीही गर्दी असो. बाजाराच्या दिवशी माझ्याकडे पाय ठेवायला जागा नसते, लोक पायरीवर, चपलांच्या ढिगाशेजारी, जमेल तिथे टेकतात. तरी त्या रिकाम्या जागेवर कोणी बसायला गेलं की विमलबाई हात आडवा धरून म्हणायच्या, "थांबा जी, कोनी बसेल हाय तिथं." माणूस जागेकडं बघायचा, मग विमलबाईंकडं बघायचा, आणि भिंतीला टेकून उभा राहायचा. भांडण कोणीच केलं नाही. देवळीतले लोक बसच्या सीटवरून एकमेकांची गचांडी धरतात, पण त्या जागेसाठी कोणी तोंड उघडल्याचं मला आठवत नाही.

मी देवळीत सेतू केंद्र चालवते. उत्पन्नाचा दाखला, सातबारा, रेशनकार्डात नाव घालणं, नाव काढणं, निराधार बायांचा पगार, सगळं माझ्या टेबलावरून जातं. आधी लोक तहसीलच्या बाबूच्या टेबलापुढे उभे राहत, आता माझ्यापुढे राहतात. बाबू चिडला तर त्याला चहा पाजता यायचा. सर्व्हर बसला तर कोणाला पाजायचा? लोक मग माझ्यावरच ओरडतात आणि मीही ऐकून घेणाऱ्यातली नाही. माझी जीभ तिखट आहे हे माझ्या सासरच्यांना विचारा, पान भरून सांगतील. भुताखेतांवर माझा विश्वास नाही. सर्व्हरवरही नाही. तेव्हा विमलबाईंबद्दल जेवढं मी माझ्या टेबलामागून पाहिलं, तेवढंच सांगते.

पहिल्यांदा पाहिल्या तेव्हा त्या दोघी होत्या. विमल आणि कमल, जुळ्या बहिणी. एकाच रंगाचं लुगडं, एकच उंची, चालणंही एकसारखं. मी म्हटलं, "अगं बाई, डबल दिसायला लागलं की काय मला!" त्यावर एक हसली आणि दुसरी हसली नाही. हसली ती विमल. पुढे ओळखायची खूण त्यांनीच सांगितली. विमलबाईंच्या उजव्या गालावर तीळ, कमलबाईंच्या डाव्या. विमलबाई उजव्या हाताच्या, कमलबाई डावखुऱ्या. विमलबाई चहा कपानं प्यायच्या, कमलबाई बशीत ओतून, डाव्या हातानं, फुंकर न मारता.

कमलबाई बोलायच्याच नाहीत. दोघींचं बोलणं विमलबाईच करायच्या. मी विचारायची, "नाव?" विमलबाई सांगायच्या, "कमल." मी म्हणायची, "अन् तुमचं?" तर त्याच तोंडातून, "विमल." शाळेतल्या हजेरीपासून हीच रीत होती म्हणे. एक हजर असली की दोघी हजर. बोलण्यातही "मी" असं नव्हतंच, कायम "आम्ही". "आम्ही आलतो परवा, तुही मशीन बंद होती." "आमाले ताप आलता."

दोघी एकाच घरात, दोन सख्ख्या भावांना दिलेल्या. लग्नात सासूनं ताटातल्या तांदळात अंगठीनं नवी नावं लिहून घेतली, जशी रीत असते. हे सांगताना विमलबाई हसून हसून डोळे पुसायच्या. "आठ रोजात बुढी स्वताच विसरली व, कोनतं नाव कोनाले देल्लं! मंग म्हणे, जाऊ द्या, जुनेच राहू द्या." मग दोघींचे नवरे गेले. कमलबाईंना मूल नव्हतं, विमलबाईंची एक लेक समुद्रपूरला दिलेली. घरात थोरल्या दिराचा मुलगा गजानन, त्याची बायको आणि या दोघी. दोघींच्या ओळखीच्या कार्डावर आडनाव तेच, पत्ता तोच, जन्मतारीखही तीच, नंबर तेवढा वेगळा.

त्यांचा आणि माझ्या मशीनचा उभा दावा होता, तो बोटांवरून. जन्मभर कापूस वेचून दोघींच्या बोटांवरच्या रेषा गुळगुळीत झाल्या होत्या. मी ओलं फडकं द्यायची, खोबरेल लावायला सांगायची, अंगठा जरा दाबायची. मशीन लाल दिवा दाखवायचं. विमलबाई त्याला चुचकारायच्या, "घे व बाई, घे. किती नखरे करतं?" कमलबाई मात्र अंगठा ठेवून मशीनकडं बघतसुद्धा नसत, दुसरीकडंच पाहत असत. पुढे चेहऱ्यावरून ओळख पटवायची सोय आली आणि मी सुटकेचा निःश्वास टाकला. टॅबलेट स्टँडवर लावायचा, माणसाला समोर बसवायचं, पडद्यावरच्या गोलात चेहरा आला की डोळे मिचकावायचे. हिरवी खूण आली की झालं काम. दोघींचे चेहरे जरी एकसारखे, तरी एक एक करून बसायच्या, आपापल्या नावावर हिरवी खूण घ्यायच्या आणि जायच्या. मशीन दोघींत फरक करत होतं की नव्हतं, हे तेव्हा कोणाच्या मनातही आलं नाही.

एका हिवाळ्यात कमलबाई तापानं वर्ध्याच्या दवाखान्यात वारल्या. गजानन मयत न्यायला गाडी बघायला गेला होता. खिडकीवरच्या माणसानं विमलबाईंना सांगितलं, "मयताचं कार्ड द्या." दोघींची कार्डं एकाच प्लॅस्टिकच्या पन्नीत होती. विमलबाईंना वाचता येत नाही. त्यांनी फोटो बघून एक कार्ड काढून दिलं. ते त्यांचं स्वतःचं होतं.

असं कसं झालं, हे त्यांनीच मला नंतर सांगितलं आणि ऐकताना माझ्या हातातला चहा निवून गेला. माणूस आपला चेहरा कुठं बघतो? आरशात. आरशात डावं उजवं होतं. विमलबाईंचा तीळ उजव्या गालावर, पण आरशात त्यांना तो दुसऱ्या बाजूला दिसायचा, जिथं कमलबाईंचा होता. म्हणजे विमलबाईंनी जन्मभर आरशात जो चेहरा आपला म्हणून पाहिला, तो हुबेहूब कमलबाईंचा होता. फोटोत असं उलटं होत नाही. पन्नीतून दोन्ही कार्डं काढली तेव्हा एका फोटोतली बाई त्यांना आपल्यासारखी वाटली, रोज आरशात दिसते तशी. ते कार्ड त्यांनी ठेवून घेतलं. उरलं ते बहिणीचं, असं समजून खिडकीतून आत दिलं.

"माह्याच हातानं देल्लं व माय," त्या म्हणाल्या. "मी मले ओयखलंच नाई."

तर सरकारदरबारी विमल मेली आणि कमल जिवंत राहिली. हे कळलं माझ्याच टेबलावर. गजानन काकूला घेऊन आला होता, पगार आला नाही म्हणून. मी विमलबाईंचा नंबर टाकला. पडद्यावर आलं, लाभार्थी मृत. मी म्हटलं, "मावशी, तुम्ही तर वारल्या." मला वाटलं नेहमीसारख्या हसतील. त्या नाही हसल्या. गजानननं कार्ड हातात घेऊन वाचलं आणि कपाळावर हात मारला.

मी म्हटलं, घाबरू नका, चेहरा दाखवा, दुरुस्तीचा अर्ज टाकू. विमलचा नंबर बंद झाल्यामुळं तो टाकताच येईना. मग नुसतं तपासायला म्हणून कमलबाईंचा नंबर टाकला आणि विमलबाईंना टॅबलेटसमोर बसवलं. मशीननं चेहरा घेतलाच नाही. वर अक्षरं आली, "चौकटीत फक्त एकच चेहरा ठेवा."

मी मागं बघितलं. विमलबाईंच्या मागे भिंतीवर देवीचं कॅलेंडर होतं. मशीन मूर्ख असतं, फोटोतला चेहराही मोजतं. कॅलेंडर काढून ठेवलं. पुन्हा बसवलं. डोळे मिचकावा म्हटलं. त्यांनी मिचकावले आणि टिंग करून हिरवी खूण आली. खाली नाव आलं, कमल. आवाज चालू होता, त्यामुळं टॅबलेट बोललासुद्धा, त्या गोड बाईच्या आवाजात, "कमल, आपली ओळख पटली आहे."

विमलबाई गर्रकन मागं वळल्या. "कोठी हाय?" त्यांनी विचारलं. "कोठी हाय थे?"

मागे कोरी भिंत होती, कॅलेंडरचा खिळा तेवढा उरला होता. गजानन म्हणाला, "काकू, मशीन हाय थे." विमलबाईंनी पुन्हा पडद्याकडं पाहिलं. पडद्यावर त्यांचाच चेहरा दिसत होता, पण समोरचा कॅमेरा आरशासारखं उलटं दाखवतो. तीळ दुसऱ्या गालावर होता. त्यांनी पडद्यावरच्या त्या गालाला बोट लावलं आणि बराच वेळ काढलं नाही.

बाकावर जागा सोडणं त्या दिवसापासून सुरू झालं.

आता तुम्ही म्हणाल, चूक झाली तर दुरुस्त करा, त्यात काय. तेच मी म्हणत होते. तालुक्याच्या ऑफिसात मी स्वतः त्यांच्याबरोबर गेले, सेंटरला कुलूप लावून. तिथले साहेब तरुण होते, चांगले होते, मावशी म्हणून खुर्ची दिली. सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, विमल जिवंत आहे हे सिद्ध करायला विमलची ओळख पटायला हवी आणि मशीन तर ओळख कमल म्हणून पटवतंय. वर अर्ज पाठवावा लागेल, तिथून पडताळणी, वेळ लागेल. आणि मग अगदी समजुतीच्या सुरात म्हणाले, "मावशी, कमलच्या नावावर रेशन भेटते ना? पगार येते ना? तुमच्या घरी एक बहीण गेली, एक आहे. सिस्टिममध्येही एक गेली, एक आहे. हिशोब बरोबर आहे. कशाला त्रास करून घेता?"

विमलबाई उठल्या. "हिशोब बरोबर हाय साहेब," त्या म्हणाल्या, "मानूस चुकलं."

बाहेर आल्यावर मीही त्यांना तेच समजावलं, खोटं कशाला बोलू? नाव काय खायचं आहे का, रेशन मिळतंय ना. त्या कडुलिंबाखाली पायरीवर टेकल्या, शेजारी जागा सोडून, आणि मला म्हणाल्या, "तुले मालूम हाय का, तिच्या दहाव्याले कावळा शिवला नाई."

नदीवर पिंड ठेवून सगळे ताटकळत बसले होते. कावळे होते, समोरच्या झाडावर ओळीनं बसले होते, पण एकही खाली उतरेना. गजानन म्हणाला, पोरांत जीव अडकला म्हणावं तर काकूला पोरं कुठं आहेत? भटजी म्हणाले, काही राहिलं असेल तर बोला. विमलबाई पुढे होऊन म्हणाल्या, कमल, मी आहे, तुझं सगळं मी पाहीन, तू जा. तरी कावळा आला नाही. शेवटी दर्भाचा कावळा करून शिववला आणि सगळे घरी आले.

"तवा समजलं नाई," विमलबाई म्हणाल्या. "आता समजते. कशी जाईल थे? तिले सरकार रोज नावानं हाका मारून राह्यलं. मानसाले नावानं हाक मारली का मानूस वयून पाह्यते ना व. थे उंबऱ्यातच उभी हाय. ना इकडं ना तिकडं."

भर दुपारचं ऊन होतं, समोर ऑटो, रसवंतीची घंटी, माणसं ये-जा करत होती. माझ्या दोन्ही हातांवर काटा आला, हे मी कबूल करते.

हाका मारत होतंच सरकार. दोघी बहिणींत एकच मोबाइल होता, बटणांचा, तो आता विमलबाईंकडं. त्यावर दर महिन्याला मेसेज यायचा, कमल, आपले धान्य उचलण्यात आले आहे. कधी फोन यायचा, रेकॉर्ड केलेला. एकदा तो माझ्यासमोर आला. विमलबाईंनी स्पीकर लावून टेबलावर ठेवला. "नमस्कार, कमल. आपल्याला मिळालेल्या सेवेबद्दल आपण समाधानी असल्यास एक दाबा."

"थे मेली वो बाई," विमलबाई फोनजवळ वाकून म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, काकुळती होती. "काऊन बलावता तिले सारके सारके?"

"आपण समाधानी नसल्यास दोन दाबा."

"तुमाले बहीन नाई का?"

"आपण कोणताही पर्याय निवडलेला नाही. धन्यवाद, कमल." आणि फोन बंद झाला. रांगेतला एक माणूस फिदीफिदी हसला. मी त्याला असा काही डोळा दाखवला की त्याचं उत्पन्नाच्या दाखल्याचं काम त्या दिवशी सर्वांत शेवटी झालं.

साहेबांनी सांगितलेला वरच्या ऑफिसचा अर्ज मी टाकला होता. तो पडताळणीसाठी प्रलंबित होता आणि प्रलंबितच राहिला. मी दर आठवड्याला उघडून बघायची. आणि तोवर विमलबाई बदलत चालल्या. आधी माझ्या लक्षात नाही आलं. मी दोन चहा मागवायची, एक त्यांना, एक मला. एके दिवशी त्या म्हणाल्या, "आखीन एक सांग, तिले." तिसरा कप आला. विमलबाईंनी आपला कप उजव्या हातानं संपवला. मग दुसरा उचलला, बशीत ओतला, डाव्या हातानं, आणि फुंकर न मारता प्यायल्या. मी म्हटलं, "मावशी, डाव्या हातानं?" त्या म्हणाल्या, "मी कोठी पेलो? थेच पेली." आणि तोंड पुसून एकदम गप्प बसल्या. त्या दिवशी नंतर त्या काहीच बोलल्या नाहीत. कमलबाई बसायच्या तशाच बसून राहिल्या, दुसरीकडं पाहत.

मग अंगठा. रेशन दुकानातून आल्या आणि मला म्हणाल्या, आज मशीननं लगेच घेतलं. मी म्हटलं, शक्यच नाही, तुमचा अंगठा कधी लागलाय? माझ्या मशीनवर ठेवायला लावला. त्यांनी डावा ठेवला. पहिल्या झटक्यात हिरवा दिवा आला. कमल, आपली ओळख पटली आहे. जुळ्यांचे चेहरे मिळतात, बोटं मिळत नाहीत, एवढं या धंद्यात मला माहीत आहे. मशीन दुरुस्त करायला वर्ध्याहून जो मुलगा येतो त्याला विचारलं. तो म्हणाला, "ताई, घासलेलं बोट, जुनं मशीन, कधी कधी काहीही घेते." असेल. नव्या मशीनवरही तसंच झालं तेव्हा मी त्याला पुन्हा विचारलं नाही.

आणि टॅबलेट. देवीचं कॅलेंडर मी परत लावलंच नव्हतं. खिळासुद्धा उपटून भिंतीला चुना लावला होता. तरी विमलबाई समोर बसल्या की आधी तेच यायचं, चौकटीत फक्त एकच चेहरा ठेवा. मी स्टँड फिरवून पाहिला, खिडकी लावून पाहिली. दुसरं कोणीही बसलं की मशीन नीट चालायचं. विमलबाई शांतपणे डाव्या बाजूला मान वळवून हळूच म्हणायच्या, "जराशी मांगं हो व." मग मशीन घ्यायचं. मी पडद्याकडं बघायचं टाळायची. माझ्या सेंटरमध्ये, माझ्या खुर्चीवर बसून!

एके दिवशी त्या आल्या आणि म्हणाल्या, "पोरी, कमलले मारून टाक."

मी हातातलं काम सोडून दिलं. नवीन सोय आली होती, घरातलं माणूस वारलं तर नातेवाइकानं आपल्या ओळखीवर तसं कळवायचं, नंबर बंद होतो. त्यांनी हे कुठून ऐकलं कोणास ठाऊक, माझ्याच सेंटरवरच्या बोर्डावर कोणीतरी वाचून दाखवलं असेल. गजानन मागे उभा होता, खाली मान घालून.

मी म्हटलं, "मावशी, डोकं ठिकाणावर हाय का? विमल आधीच मेलेली हाय. कमलपन गेली तर तुमचं काय राहते? रेशन बंद, पगार बंद, दवाखान्याचं कार्ड बंद. उद्या काही झालं तर तुमाले कोनी विचारनार नाई. आधी विमलले जिवंत होऊ द्या, मंग कमलचं पाहू."

"विमल जवा होईल तवा होईल," त्या म्हणाल्या. "मी वाट पाहू शकतो. माह्ये पाय हायेत, हात हायेत. थे उभी हाय ना व, थंडी-उन्हात. अन् आता आंगात येऊन राह्यली माह्या, तिले दुसरी जागाच नाई तं करन काय? मी तिले भेत नाई. माही बहीन हाय थे. पन तिचा रस्ता मी अडवून बसली. तिच्या नावाचं खाऊन राह्यली."

"गजूभाऊ, तुम्ही तरी सांगा," मी म्हटलं.

गजानन म्हणाला, "मी लय सांगतलं ताई. काकूचं पोट मी भरीन. पन घरात बी आता... माही बायको चुलीजवळ दोन पाट मांडते, काकूनं सांगतलं म्हनून नाई, तिचं तिलेच वाटते."

मी भांडले. खूप भांडले, शेजारच्या झेरॉक्सवाल्यानं डोकावून पाहिलं इतकी. सरकारला दोन शिव्या घातल्या, त्यांना दोन घातल्या. विमलबाई ऐकून घेत होत्या. मग त्यांनी माझा हात धरला. डाव्या हातानं धरला होता. त्यांच्या लक्षात आलं, त्यांनी तो सोडला आणि उजव्यानं धरला. "माय, मले वाचव," त्या म्हणाल्या. मी टॅबलेट वळवला. गजाननचा चेहरा घेतला, माहिती भरली, पाठवून दिली. विमलच्या अर्जाला एक स्मरणपत्रही जोडलं, आपल्या समाधानासाठी.

त्यानंतर त्या एकदाच आल्या. पुढे लेकीकडं समुद्रपूरला गेल्या असं गजाननकडून कळलं, आणि मग त्याचंही येणं कमी झालं. आता त्या आहेत की नाहीत हे मला सांगता येत नाही. मी अधूनमधून नंबर टाकून बघते. पडदा मृत म्हणतो. तो तेव्हाही तेच म्हणत होता, त्या माझ्यासमोर बसून चहा पीत असताना. अर्ज अजून प्रलंबित आहे.

शेवटच्या दिवशी आल्या त्या बाजाराच्या वेळेला, सेंटर गच्च भरलेलं. कमलबाईंचा नंबर बंद झाला होता, मी सकाळीच पाहिलं होतं. विमलबाई बाकावर बसल्या आणि एक म्हातारबाबा शेजारी टेकायला गेले. मी वर बघितलं. विमलबाईंनी हात आडवा धरला नाही. उलट सरकून म्हणाल्या, "बसा ना बाबा." चहा आला तर एकच घेतला, कपानं, उजव्या हातानं.

मग म्हणाल्या, "पोरी, मले पाह्य ना एकडाव तुह्या मशीनमंदी."

मला नको होतं. पण बसवलं. विमलचा नंबर टाकला, टॅबलेट त्यांच्याकडं वळवला आणि त्या अक्षरांची वाट पाहिली. ती आलीच नाहीत. चेहरा सरळ गोलात बसला. डोळे मिचकावले. गोल फिरला, फिरला आणि पडद्यावर आलं, या चेहऱ्याची नोंद आढळली नाही.

"एकच दिसून राह्यली ना?" विमलबाईंनी विचारलं.

"हो मावशी. एकच."

"गेली मंग," त्या म्हणाल्या. हसल्या आणि रडल्या, दोन्ही एकदम, पदराचा बोळा तोंडाशी धरून. रांगेतल्या बायांना काही कळेना. मी उगीच प्रिंटरमध्ये कागद घातले.

तेवढ्यात माझं लॉगिन सुटलं. आम्हा सेंटरवाल्यांनाही दिवसातून अधूनमधून चेहरा दाखवावा लागतो, नाहीतर कामच उघडत नाही. मी टॅबलेट माझ्याकडं वळवला. गोलात चेहरा आणला. वर अक्षरं आली, "चौकटीत फक्त एकच चेहरा ठेवा."

मग पडद्यात नीट पाहिलं. माझ्या खांद्यामागे विमलबाई उभ्या होत्या, जायच्या आधी माझ्या पाठीवरून हात फिरवायला आलेल्या. मशीननं त्यांच्या चेहऱ्याभोवती लाल चौकोन काढला होता. ज्या बाईला त्यानं आत्ताच नोंद नाही म्हणून सांगितलं, ती त्याला आता स्वच्छ दिसत होती आणि माझ्या कामात आडवी येत होती.

मला काही म्हणावं लागलं नाही. त्यांनीही पडद्यात पाहिलं. इतक्या दिवसांत त्या मशीनची भाषा त्यांना कळायला लागली होती.

"सरकतो माय, सरकतो," त्या म्हणाल्या. "तुहं काम होऊ दे."

आणि चौकटीतून बाजूला झाल्या. टिंग करून हिरवी खूण आली, मशीननं माझं नाव घेतलं. मी वळून पाहिलं तोवर त्या पायरी उतरून बस स्टँडकडं लागल्या होत्या, एकट्याच, रस्त्याच्या मधून.